उरलेले साहित्य

दिवाळीची सुटी संपत आली की आमच्या घरी एक विधी होतो. पंचांगात त्याचा उल्लेख नाही, पण तो चुकत नाही. फ्रिज रिकामा करायचा. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्यामुळे कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी त्याची टिपणे काढण्याची खोड दोघांनाही आहे. गेल्या दिवाळीनंतरची यादी अशी होती : दोन दिवसांपूर्वीचा वाडगाभर भात, पाच पोळ्या, आंबटलेले दही, गुलाबजाम संपल्यानंतर उरलेला पाक, चकलीची मूठभर भाजणी, अर्धा दुधी, कोथिंबिरीच्या काड्या, नारळाचा वाटीभर चव, पावाची दोन टोके आणि झाकण घट्ट बसलेला एक डबा, ज्यात काय आहे यावर आमचे एकमत होईना.

यातले जे चांगले होते ते एका डब्यात भरून कामाला येणाऱ्या मावशींपुढे ठेवले. असे करताना आपण काही विशेष करतो आहोत असे आम्हांला वाटले नाही. आमच्या आयांनी हेच केले होते, आज्यांनीही हेच केले होते. मावशींनी डब्याकडे पाहिले आणि पदराला हात पुसत शांतपणे म्हणाल्या, "ताई, राग मानू नका, पण कालचं नका देऊ. आमच्या घरी बी फ्रिज हाय. त्यातलंच संपंना झालंय."

बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्या भांडी घासायला वळल्या आणि आम्ही डबा हातात धरून उभे राहिलो. त्या एका वाक्याने आमच्या हातातल्या डब्याला एकदम इतिहास प्राप्त झाला. उरलेले अन्न ही स्वयंपाकघरातली किरकोळ अडचण आहे असे आपण समजतो. पण काय उरले, किती उरले, यापेक्षा उरलेले कोणाकडे गेले, हा प्रश्न विचारला की ती अडचण किरकोळ राहत नाही. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा माग काढण्याचा प्रयत्न आहे.

आधी शब्द

मराठीचे अध्यापक असल्याने आरंभ शब्दांपासून करणे क्रमप्राप्त आहे. उरलेल्या अन्नासाठी मराठीत एक शब्द नाही, एक उतरंड आहे. नैवेद्यातून उरते तो 'प्रसाद'. ताटात उरते ते 'उष्टे'. भांड्याला चिकटून उरते ते 'खरकटे'. रात्र उलटून उरते ते 'शिळे'. चारही ठिकाणी वस्तू तीच असू शकते. भाताचे तेच शीत. बदलतो तो त्याचा स्पर्श कोणाला झाला आणि त्याच्यावरून किती काळ गेला, याचा हिशेब. देवाच्या स्पर्शाने उरलेले वर चढते, माणसाच्या स्पर्शाने खाली उतरते.

यांतला 'शिळे' हा शब्द विशेष लक्ष देण्याजोगा आहे. संस्कृत 'शीतल' प्राकृतातून झिजत झिजत मराठीत 'शिळा' झाला. म्हणजे शिळे याचा मूळ अर्थ नासके नव्हे, निव्वळ थंड झालेले. 'शिळोप्याच्या गप्पा' या शब्दप्रयोगात तो जुना थंडावा अजून टिकून आहे. उन्हे उतरल्यावरच्या निवांत वेळेला कोणी नासकी वेळ म्हणत नाही. देवीच्या शीतला या नावातही तोच शब्द आहे. श्रावणातल्या शीतला सप्तमीला चूल पेटवायची नाही, चुलीची पूजा करायची आणि आदल्या दिवशी रांधलेले खायचे, असा प्रघात महाराष्ट्रात आहे. देवी मुळात देवीच्या रोगाची, अंगाच्या आगीची. म्हणून तिला थंडावा प्रिय. हा रोग भारतात १९७५ साली आणि जगातून १९८० साली संपल्याचे जाहीर झाले. सप्तमी मात्र राहिली. वर्षातला निदान एक दिवस शिळे अन्न हा कमीपणा न राहता व्रत होते, ही गोष्ट आम्हांला अर्थपूर्ण वाटते.

आणि गंमत पाहा. रेफ्रिजरेटरला आपल्या भाषाशुद्धीवाल्यांनी प्रतिशब्द दिला तो 'शीतकपाट'. व्युत्पत्तीच्या अंगाने पाहिले तर शीतकपाट म्हणजे शिळ्याचेच कपाट. प्रतिशब्द फारसा रुळला नाही, पण तो घडवताना भाषेच्या हातून खरे बोलले गेले.

शास्त्र आणि सोय

शिळ्या अन्नाबद्दल धर्मशास्त्राची भूमिका वरवर पाहता कठोर आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात रात्र उलटलेले, रस गेलेले, वास मारणारे, उष्टे अन्न तामस माणसाला प्रिय असते असे सांगितले आहे. 'पर्युषित' हा तिथला शब्द. हा उतारा इतका प्रसिद्ध आहे की शास्त्राने शिळे वर्ज्यच केले, अशी आपली समजूत होते.

प्रत्यक्षात शास्त्रकार स्वयंपाकघराला पुरते अनोळखी नव्हते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भक्ष्याभक्ष्याचा विचार करताना शिळ्या अन्नाला सरळ अपवाद दिले आहेत. तूप-तेल लागलेले निर्दोष अन्न शिळे झाले तरी चालते. हविर्द्रव्यातून उरलेलेही चालते. जव आणि गव्हाचे पदार्थ आणि दुधापासून झालेले पदार्थ तर स्नेह नसतानाही, बराच काळ राहिलेले असले तरी खाता येतात. या यादीत तांदळाचा भात नाही, हे ध्यानात घ्यावे. पाण्यात शिजलेला भात सर्वांत लवकर बिघडतो आणि तळलेले, भाजलेले, आटवलेले टिकते, हे अनुभवाचे ज्ञान येथे पावित्र्याच्या भाषेत नोंदवले गेले आहे.

मराठी घरातली दशमी ही याच तरतुदीची लेक. पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवली की तिची पोळी खरकट्यात मोडत नाही, प्रवासात चालते, दुसऱ्या दिवशीही चालते. सोवळ्याची सोय आणि टिकण्याची सोय एकाच घासात साधली. आमच्यापैकी एकाचे माहेर सोलापूरकडचे आहे. तिकडची कडक भाकरी हे याच शहाणपणाचे दुसरे रूप : ज्वारीची पातळ भाकरी पाण्याचा अंश जाईपर्यंत वाळवायची, मग ती कित्येक दिवस राहते. तिला कोणी शिळी म्हणत नाही, कारण शिळे होण्यासाठी लागणारे पाणीच तिच्यात उरलेले नसते. दुसऱ्याचे गाव कोकणात. तिथे फणसाचे गरे खाऊन झाले की आठळ्या धुऊन, सुकवून मातीत किंवा राखेत ठेवायच्या आणि पावसाळ्यात भाजीला काढायच्या.

येथे एक भेद करायला हवा. फ्रिज येण्यापूर्वी घराला दोन प्रकारचे आधिक्य सोसावे लागे. एक हंगामाचे : आंबा, फणस, कैरी, मिरची, कडधान्य एकदम आणि भरमसाट येत. त्यावर उपाय होते वाळवण, मीठ, तेल आणि आटवणे. सांडगे, कुरडया, लोणची, साठे ही त्या उपायांची नावे. दुसरे आधिक्य जेवणाचे : रांधले जास्त, जेवणारे कमी. पहिल्यासाठी उन्हाळ्याचे दोन महिने आणि अख्खी गच्ची असे. दुसऱ्यासाठी फक्त एक रात्र असे. सकाळ होण्याच्या आत त्याची काहीतरी वाट लावावी लागे.

उरलेल्याची वाट

ही वाट कोठून कोठे जात असे?

पहिला मुक्काम घरातच होता. ताजे कोणाला आणि कालचे कोणाला, याचा क्रम कोठे लिहिलेला नव्हता, पण पाळला जात होता. पुरुषांची पंगत, मग मुले, मग बायका. शेवटच्या पंगतीत सासुरवाशीण आणि विधवा. आमच्या एका आजीला ताजी भाकरी आवडत नाही असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. ती शिळी भाकरीच ताकात कुस्करून खायची आणि "मला हीच गोड लागते" म्हणायची. पुढे आजोबा गेले, मुले पांगली, घरात ती एकटी राहिली, तेव्हा ती रोज एकच गरम भाकरी करून चुलीपाशीच खाऊ लागली. मग आम्हांला कळले की तिच्या आवडीला साठ वर्षे कोणी विचारलेच नव्हते.

घरातल्या बायकांच्या पलीकडे गाय, कुत्रा आणि दाराबाहेरचा माणूस. गावगाड्यात महारांनी गावकीची कामे करायची आणि मोबदल्यात बलुत्यासोबत घरोघर भाकरी मागायची, ही वहिवाट होती. तिला कोणी हक्क म्हणत, कोणी भीक. पण दारातून जे पडे ते बहुधा कालचे असे. याच काळात पुण्यासारख्या शहरात गरीब ब्राह्मण विद्यार्थी दुपारी झोळी घेऊन माधुकरी मागत. दोघेही दारात उभे राहून शिजवलेले अन्नच मागत होते. एकाच्या झोळीत ताजे पडे आणि त्या मागण्याला विद्यार्थिदशेची प्रतिष्ठा होती. दुसऱ्याच्या पदरात शिळे पडे आणि त्या मागण्याने त्याची पायरी पक्की होई. मराठी समाजाच्या इतिहासात ताजे आणि शिळे यांतले अंतर किती होते, हे या दोन झोळ्या शेजारी ठेवल्यावाचून कळत नाही.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. ती चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सर्वांच्या लक्षात आहे आणि ते योग्यच आहे. पण त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळ्या-उष्ट्या तुकड्यांवर जगणे सोडून देण्याचे आवाहन केले होते, याची आठवण त्या मानाने कमी काढली जाते. पाणी मिळवणे आणि तुकडे नाकारणे या एकाच लढ्याच्या दोन बाजू होत्या. जे आपले आहे ते घ्यायचे आणि जे दुसऱ्याला नको झाले म्हणून आपल्याकडे आले ते परत करायचे. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, त्यांनी महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. वतन आणि भाकरी यांचे नाते त्यांनी नीट ओळखले होते.

दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली आले आणि त्यानंतरच्या दलित आत्मकथनांतून भुकेचा आणि तुकड्यांचा हा अनुभव मराठी वाचकासमोर उघडा झाला. आम्ही ही पुस्तके वर्गात शिकवतो. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने त्यापुढचे पाऊल टाकले. मराठवाड्यातील दलितांच्या स्वयंपाकाची नोंद त्यांनी पाककृतींसह केली आणि शीर्षकातच आपल्या परिचित अन्नश्लोकाला छेद दिला. मांस वाळवून केलेल्या चान्या हे त्या पुस्तकातले एक महत्त्वाचे अन्न. आमच्या गच्चीवरचे सांडगे आणि त्या चान्या यांमागची बुद्धी एकच आहे : एकदम आलेले टिकवायचे आणि टंचाईत पुरवायचे. एकीला पाकशास्त्राच्या पुस्तकांत मानाचे पान मिळाले, दुसरीला २०१५ पर्यंत थांबावे लागले.

हे सारे आम्ही शिकवत होतो आणि तरी तो डबा मावशींपुढे ठेवताना आमचा हात अडखळला नाही. वर्गातले ज्ञान स्वयंपाकघरापर्यंत पोहोचायला किती वर्षे लागतात, याचा हा एक नमुना म्हणून येथे नोंदवतो.

बर्फ आणि कपाट

आता कपाटाकडे वळू. १८३३ च्या सप्टेंबरात 'टस्कनी' नावाचे जहाज अमेरिकेतल्या बोस्टनहून कलकत्त्याला आले. त्यात मसाले नव्हते, कापड नव्हते, बर्फ होता. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने तिकडच्या गोठलेल्या तळ्यांतून तो कापून लाकडाच्या भुशात बांधून पाठवला होता. सुमारे १८० टन चढवला होता, चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारे १०० टन उतरला. पुढे मुंबई आणि मद्रासलाही असा बर्फ येऊ लागला आणि त्यासाठी बर्फघरे बांधली गेली. मद्रासचे बर्फघर आजही उभे आहे. पुढे विवेकानंदांचा मुक्काम तिथे झाल्यामुळे आज ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्राने बर्फ करणारे कारखाने इथेच निघाले आणि तळ्यांचा तो व्यापार वितळला.

बर्फ हा चैनीचा पदार्थ होता, पेय गार करण्याचा. उरलेल्या भाताशी त्याचा संबंध नव्हता. तो संबंध जोडला विजेच्या फ्रिजने. भारतात बनलेला पहिला फ्रिज गोदरेज कंपनीने १९५८ साली बाजारात आणला. पण बाजारात येणे आणि घरात येणे यांत तीन-चार दशकांचे अंतर पडले. मधला काळ टंचाईचा होता. मुंबईत १९४३ पासून शिधावाटप सुरू झाले होते. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातले एक जेवण सोडण्याचे आवाहन केले. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने अमेरिकेहून आलेला मिलो खाल्ला आणि दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. त्या पिढीतल्या लोकांच्या तोंडून 'मिलो' हा शब्द आम्ही ज्या स्वरात ऐकला आहे तो लिपीत उतरत नाही. जिथे पुरेसे शिजतच नव्हते तिथे उरलेले ठेवायला कपाट कशाला लागणार?

आमच्या घरांत फ्रिज आला तो आम्ही शाळेत असताना, म्हणजे गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकाच्या आगेमागे. तो स्वयंपाकघरात नव्हे, बाहेरच्या खोलीत ठेवला गेला. त्याच्या डोक्यावर विणलेला रुमाल, रुमालावर फुलदाणी, मुठीला कापडी आवरण आणि दाराला चक्क कुलूप. आळीतली मुले बर्फ मागायला येत. आजी त्यात भिजवलेली कणीक ठेवू देत नसे. रात्रभर ठेवलेला गोळा तिला पिंडासारखा वाटे. तिच्या मते त्या कपाटात दूध आणि औषध यांखेरीज काहीही ठेवणे हा आळस होता. "रोज लागेल तेवढंच करावं माणसानं," असे ती म्हणे. तिला एवढेच ठाऊक होते की या कपाटामुळे घरातले मोजमाप बिघडणार. ते बिघडलेच.

फ्रिजने दोन गोष्टी बदलल्या असे आम्हांला वाटते. पहिली उघड आहे : त्याने एका रात्रीची मुदत आठवड्याची केली. दुसरी कमी दिसते, पण इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोठी आहे. त्याने उरलेल्याची बाहेरची वाट बंद केली. पूर्वी उरलेले सकाळपर्यंत कोणालातरी द्यावेच लागे, कारण ते ठेवता येत नव्हते. त्या देण्यात दया असेल, तुच्छताही असेल, पण सक्ती होती. फ्रिजने ती सक्ती काढून घेतली आणि उरलेले अन्न प्रथमच घराच्या मालकीचे झाले. आता ते देणे ही आपली मर्जी आणि घेणे ही समोरच्याची मर्जी. अर्थात हा बदल सगळीकडे सारखा झालेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही देशातल्या निम्म्याहून कमी घरांत फ्रिज होता. पण ज्या घरांत तो आला तिथे नकार देण्याची ताकदही आली. "आमच्या घरी बी फ्रिज हाय" या वाक्याचे वजन हे आहे.

साहित्य आणि कृती

उरलेल्याचे आता आपल्यालाच काहीतरी करायचे आहे, हे एकदा मान्य केले की पाकशास्त्राकडे वळावे लागते. ही परंपरा आपल्याकडे मोठी आहे. बाराव्या शतकातला कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास', सतराव्या शतकातले रघुनाथ नवहस्त यांचे 'भोजनकुतूहल', मग मराठीत १८७५ चे रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र', विसाव्या शतकाच्या आरंभीचे लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' आणि १९७० चे कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा'. राजाच्या मुदपाकखान्यापासून चाळीतल्या स्टोव्हपर्यंतचा हा प्रवास आहे.

पण पाककृती म्हणून जो साचा आज आपल्या ओळखीचा आहे त्यात एक गृहीतक दडलेले असते. तो 'साहित्य' या शब्दाने सुरू होतो आणि 'कृती' या शब्दाकडे जातो. म्हणजे स्वयंपाकघर रिकामे आहे, बाजार भरलेला आहे आणि साहित्य मोजून आणायचे आहे. उरलेल्याचा स्वयंपाक याच्या नेमका उलटा. तिथे साहित्य आधीच ठरलेले असते, तेही दुसऱ्याच कृतीतून उरलेले. शोधायची असते ती कृती. प्रमाण देता येत नाही, कारण आज किती उरेल हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून ही विद्या पुस्तकांपेक्षा बायकांच्या तोंडी अधिक राहिली. तिला लेखक नाही.

लेखक नसला तरी व्याकरण आहे. आम्ही आठवून पाहिले तर मराठी स्वयंपाकघराने उरलेल्यासाठी मोजक्याच क्रिया वापरल्या आहेत. पहिली फोडणी : भाताचा फोडणीचा भात, पोळीचा कुस्करा. दुसरी भाजणी किंवा पीठ : उरलेली भाजी, आमटी, किसलेला दुधी, कोथिंबिरीच्या काड्या, काहीही थालीपिठात मावते. तिसरी ताक : आंबट दह्याची कढी, शिळ्या भाकरीचा काला. चौथी गूळ : शिळ्या पोळीचा लाडू. आणि पाचवी, आमच्या मते सर्वांत सुसंस्कृत, म्हणजे उरणार हे आधीच ओळखून केलेली योजना. पुरणाची डाळ शिजवली की तिचे पाणी उरते. त्या कटाची आमटी होते आणि पुरणपोळीइतकीच तिची वाट पाहिली जाते. लोणी कढवल्यावर तळाशी बेरी उरते. तिच्यात साखर घालून ती मुलांच्या हातावर पडते. दोडक्याच्या शिरांची चटणी दोडक्याच्या भाजीच्या आधी संपते. हे पदार्थ उरलेल्याचे आहेत हे आपण विसरून गेलो आहोत, यातच त्यांचे यश आहे.

गोव्यात तर कालची कढी हा एक स्वतंत्र पदार्थ आहे. रात्रीची नारळाची, माशाची कढी सकाळी मातीच्या भांड्यात आटवून घट्ट करायची आणि पेजेबरोबर किंवा पावाबरोबर खायची. तिला 'काल्ची कडी' असेच म्हणतात. कालचेपण लपवत नाहीत, मिरवतात. घाटावर मात्र 'शिळ्या कढीला ऊत' हा वाक्प्रचार संपलेले भांडण उकरून काढणाऱ्यासाठी राखून ठेवला आहे. एकाच पदार्थाबद्दल दोन मुलखांची दोन मते असणे, हे भाषेच्या अभ्यासकाला आनंद देणारे आहे.

या कृतींमागे थोडे विज्ञानही आहे. शिजलेला भात किंवा भाजलेली पोळी थंड होते तेव्हा पिठूळ अंशाचे, म्हणजे स्टार्चचे, विस्कटलेले रेणू पुन्हा शिस्तीत बसू लागतात आणि आतले पाणी बाहेर ढकलतात. त्यामुळे पदार्थ कडक होतो. ही क्रिया गोठणबिंदूच्या थोडे वर, म्हणजे नेमकी फ्रिजच्या तापमानाला, सर्वांत वेगाने होते. म्हणून पाव बाहेरच्यापेक्षा फ्रिजमध्ये लवकर वातड होतो. पण याच कारणामुळे फोडणीचा भात ताज्या भाताचा जमत नाही; ताज्याचा गोळा होतो, शिळ्याचे शीत सुटे राहते. पोळीच्या कुस्कऱ्यावर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायचे ते रेणूंची ती शिस्त उष्णतेने आणि ओलाव्याने पुन्हा मोडण्यासाठी. आपल्या आज्यांना रेणू माहीत नव्हते, हबका माहीत होता.

मात्र येथे भाबडेपणा नको. भातात बॅसिलस सिरीअस नावाच्या जिवाणूची बीजे शिजवल्यानंतरही तग धरतात. भात उबदार हवेत तासन्‌तास राहिला की ती वाढतात, आणि त्यांचे एक विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. तेव्हा भात उरला तर तो तासा-दोन तासांत पसरट भांड्यात निववून फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी संपवावा आणि एकदाच, पण वाफ येईपर्यंत गरम करावा. मनूच्या यादीत भात का नसावा, याचे उत्तर आम्हांला येथे सापडल्यासारखे वाटले.

आज

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेल्याचा आणि त्यातले सुमारे ६० टक्के घरांतून गेल्याचा अंदाज आहे. भारतातल्या घरांसाठी तो माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो आहे, साली-बियांसारखा न खाण्याचा भाग धरून. हॉटेले आणि लग्नाचे हॉल यांच्याकडे बोट दाखवण्याची आपल्याला सवय आहे. आकडे बोट आपल्या ओट्याकडे वळवतात. टिकवण्याचे साधन घरात आले आणि तरीही टाकणे थांबले नाही. याचे कारण आम्हांला असे वाटते की फ्रिज अन्न टिकवतो त्यापेक्षा निर्णय लांबवतो. टाकायचे धैर्य नाही, खायची इच्छा नाही, द्यायला कोणी नाही, अशा अन्नाला आपण डब्यात घालून चार दिवस आत ठेवतो आणि पाचव्या दिवशी मन निबर झाल्यावर टाकतो.

त्या दिवशी आम्ही तो डबा परत ओट्यावर उघडला. पोळ्यांचा कुस्करा केला. भाताला फोडणी दिली. दुधी किसून, काड्या चिरून भाजणीत घातल्या. दह्याची कढी झाली. पाकात रवा भाजून घातला, नारळाचा चवही त्यातच गेला. पावाची टोके तेवढी कडक भाजून चहात बुडवली. ज्या डब्याबद्दल एकमत नव्हते तो उघडल्यावर मतभेद मिटले. तो टाकावाच लागला. चार वाजता मावशी दुसऱ्या फेरीला आल्या तेव्हा थालीपिठे तव्यावर होती. "बसा, गरम आहे," म्हटले. त्या बसल्या. आम्हीही बसलो. उरलेल्याचे थालीपीठ तिघांनीही एकाच वेळी, एकाच तव्यावरचे खाल्ले. त्यात फार मोठे काही साधले असा आमचा दावा नाही. दुसऱ्या दिवशी पगाराचा आणि सुट्यांचा विषय निघालाच आणि तो अजून पुरता सुटलेला नाही.

गोपाळकाल्यात प्रत्येकाची शिदोरी एकत्र कालवली जाते. त्यात कोणाची ताजी, कोणाची शिळी, हे कळत नाही आणि कळू नये अशीच योजना आहे. पण त्याची अट एकच : आपली शिदोरी आधी सोडावी लागते आणि मग त्याच पत्रावळीवर बसून खावेही लागते. शिळे देणे सोपे होते. शिळे वाटून खाणे आपल्याला अजून शिकायचे आहे.

मावशींनी जाताना एक सांगितले. थालीपिठात आंबट दह्याचे दोन चमचे घातले असते तर आणखी खुसखुशीत झाले असते. पुढच्या वेळी घालू.